दसऱ्याचं तेलपाणी

जुन्या संगणकावर हळदकुंकू वाहता वाहता इंदुमतीला पडद्याचा बदललेला रंग दिसला.

"दादा, याला कुणी हात लावला?"

"मीच," वडील खुर्चीतून म्हणाले. उभी हयात कारखान्यात फिटर म्हणून काढलेली. दसऱ्याला यंत्रांचं तेलपाणी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "जुनाट झाला होता बिचारा. सकाळी नेट जोडून सगळं नवं भरलं. त्याच्या जिवावर मी श्वास घेतो, एवढी सेवा नको?"

दादांच्या छातीतल्या श्वासयंत्राचा प्रोग्राम दर दसऱ्याला, पूजा झाली की, इंदुमती याच संगणकावर नव्यानं तयार करून यंत्रात भरायची. यंत्र बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. ती जुनी भाषा कळणारा दुसरा संगणक कुठं उरला नव्हता, आणि यातलं काही बदललं तर यालाही ती कळेनाशी होणार होती. दादांच्या जिवाला घोर नको, म्हणून हे तिनं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

तिनं घाईघाईनं काम सुरू केलं. पडदा लाल ओळींनी भरून गेला: 'ही आज्ञा आता चालत नाही.' तिनं पुन्हा करून पाहिलं. तेच.

यंत्रातल्या प्रोग्रामची वर्षाची मुदत संध्याकाळी सहाला संपणार होती; मग यंत्र बंद पडणार होतं. चार वाजून गेले होते.

"काय गं, एवढी घाई कसली?"

ती काही बोलणार तोच दादांच्या छातीतून बारीक 'टिंग' असा आवाज आला. मुदत सरत आल्याचा तो पहिला इशारा होता. इतक्या वर्षांत तिनं तो कधी वाजू दिला नव्हता.

दादांनी छातीवर हात ठेवला आणि ते समाधानानं हसले.

"बघ, खूश झाला."