चौदावं जनावर

इंदुमती शेण भरत होती, तेवढ्यात सांडपाण्याच्या टाकीवरचा पडदा उजळला. टाकीतले जिवाणू गोठ्यातलं घाण पाणी निवळून शेताला देत आणि जाता जाता मुतावरून प्रत्येक जनावराची तब्येतही ओळखत. आज पडद्यावर लिहिलं होतं : ‘जनावरं चौदा. चौदाव्याची मूत्रपिंडं निकामी होत आहेत. ताबडतोब उपचार करा.’

तिने गाई दोनदा मोजल्या. तेराच होत्या.

“अहो, यंत्र बिघडलंय बघा. म्हणतंय चौदा.”

धार काढत बसलेल्या रंगरावांनी मान वर केली नाही. “बिघडलं नाही. पहाटे मी नालीतच लघवी करतो. कोण एवढ्या लांब घरापर्यंत जाणार?”

“अगं बाई! आता शिंगं तेवढी फुटायची राहिली तुम्हाला,” इंदुमती हसली आणि हसता हसताच थांबली. “आजच दवाखान्यात जाऊ.”

“गोठ्यातल्या यंत्रानं सांगितलं म्हणून? डॉक्टर मला दावणीला बांधायला सांगेल.”

तीन दिवस तिने विनवण्या केल्या. चौथ्या दिवशी रंगरावांनीच तिला टाकीजवळ बोलावलं. पडद्यावर होतं : ‘जनावरं तेरा. सर्व निरोगी.’

“बघ. मिटलं की नाही?”

ते आता पहाटे बांधापलीकडे जाऊ लागले होते, हे तिला ठाऊक होतं.

“उगाच जीव खाल्लास माझा,” ते म्हणाले. सुजलेला पाय चपलेत जाईना, म्हणून दुधाची किटली उचलून ते अनवाणीच निघाले.