तळाची साठ पिंपं

“चार नंबरची टाकी गळते. लिहा,” गमबूट घातलेली बाई म्हणाली.

मूल्यांकनकाराने टॉर्च मारली. टाकीच्या जोडावर जांभळा ओघळ वाळून बसला होता. आतून ब्रश घासल्याचा आवाज येत होता. त्याने पत्र्यावर टकटक करायला हात उचलला.

“वाजवू नका. आत माणूस आहे, कान फुटतील त्याचे.”

त्याने लिहून घेतलं. दुसऱ्यांच्या मालमत्तेला आकडे लावण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती आणि माणूस तो बुटांवरून ओळखायचा. वर ऑफिसात बसलेल्या मालकाचे बूट आरशासारखे चकचकीत होते. फाटकापाशी भेटलेल्या तिघांच्या बुटांना चिखल होता. प्रयोगशाळेतली मुलगी, मळ्यावरचा मुकादम आणि विक्री सांभाळणारा. “विकत घेणारे आम्ही चौघं. एकजण खाली तळघरात आहे,” विक्रीवाला म्हणाला होता. आणि तळघरात ही, गुडघ्यापर्यंत गमबूट, नखांत द्राक्षाचा रंग. हिशेब जुळला.

“खाली ती भेटेल,” मालकानेही बजावलं होतं. “फार मनावर घेऊ नका तिचं. तिला किंमत पाडायचीय.”

मामला सरळ होता. वायनरी उभी करणाऱ्या म्हाताऱ्याने मरण्याआधी कागद केला होता. निम्मा-निम्मा वाटा दोघा वारसांचा. विकायची वेळ आलीच, तर आधी इथं राबणाऱ्यांना विचारायचं. किंमत बाहेरच्या माणसाने ठरवायची. ती पुरी भरली तर वायनरी त्यांची. एक रुपया कमी पडला तर ज्याला हवी त्याला द्या.

ज्याला हवी होती तो सहा कोटी घेऊन टपूनच बसला होता. त्याला वेली उपटून तिथं बंगले बांधायचे होते. चौघांनी घरं गहाण टाकून, बँकेचे उंबरे झिजवून चार कोटी जमवले होते. त्यावर एक पैसा नाही.

“दुसरे मालक दिसत नाहीत?” त्याने वर विचारलं होतं.

“सहीपुरतं येईल ते माणूस,” मालक मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला होता.

बाई पुढं चालत होती. द्राक्षं पिळायच्या यंत्राची मोटर दोनदा जळलेली, लिहा. पूर्वेच्या वेली थकलेल्या, लिहा. छताला पाझर, लिहा. मूल्यांकनकार प्रत्येक गोष्ट स्वतः तपासत होता. एकही खोटी निघेना, याचाच त्याला राग येऊ लागला.

“बाई, तुम्ही तर खोडींची यादी पाठच केलीय.”

“तीस वर्षं रोज निस्तरतेय. वर तुम्हाला चहा पाजून फोटो दाखवले ना? फोटोत पाझर दिसत नाही.”

“आणि चांगलं काहीच नाही इथं?”

“आहे की. माणसं. त्यांना रकाना आहे तुमच्या फॉर्मात?”

रकाना नव्हता.

शेवटच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, मुलांची उंची मोजतात तशा. शेजारी शेजारी दोन रांगा. एक कमरेपाशी थांबलेली, दुसरी थेट त्याच्या कपाळापर्यंत पोचलेली.

“म्हाताऱ्यांची पोरं,” बाई म्हणाली. “एकाला वास सहन होईना. त्याने खाली यायचं सोडलं.”

तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून दार उघडलं. आत ओळीने ओक लाकडाची पिंपं रचलेली होती. वर तारीख, सहा वर्षांपूर्वीची.

“ही यादीत नाहीत,” तो म्हणाला.

“साठ आहेत. त्या वर्षी भाव पडला, तेव्हा वरून हुकूम आला, द्राक्षं खड्ड्यात टाका. मी नाही टाकली.” तिने नळीने थोडी वाइन काढून पेला पुढं केला.

त्याने घोट घेतला. मग पेन खाली ठेवलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणाला तरी सावध करावंसं वाटलं.

“हे बघा, आत्तापर्यंतचा आकडा तीन कोटी पंच्याऐंशी होतोय. ही धरली तर पस्तीस लाख वाढतील. तुमचे चार कोटी पुरायचे नाहीत. दार लावा. मी काही पाहिलं नाही.”

“पाहिलंत.” ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “चोरून ठेवलेल्या मालावर या पोरांचा कारखाना उभा राहायला नको. उद्या कुणी तोंडावर चोर म्हणेल त्यांना. लिहा. साठ.”

त्याने लिहिलं. मूर्ख बाई, असंही मनात म्हणाला.

चार वाजता सगळे ऑफिसात जमले. टेबलाच्या एका बाजूला विकणाऱ्यांच्या दोन खुर्च्या, समोर घेणाऱ्यांच्या चार. मालक आधीच बसला होता. समोर तिघं. बाई दारातच उभी होती.

“चार कोटी वीस लाख,” मूल्यांकनकाराने वाचलं.

प्रयोगशाळेतल्या मुलीने तोंडावर हात ठेवला. मुकादम खिडकीबाहेर वेलींकडे बघत राहिला. मालक हसला आणि त्याने बंगलेवाल्याचा नंबर लावला.

“पण साठ पिंपं कुठली?” विक्रीवाल्याने विचारलं.

“खरी आहेत,” बाई दारातून म्हणाली. “आता तुमचीच.”

तेवढ्यात तिच्या बाजूने एक माणूस आत आला. डोक्यापासून पायापर्यंत जांभळा, हातात ब्रश. “टाकी झाली घासून. चुकलो का मी?” म्हणत तो चौथ्या खुर्चीत बसला.

मूल्यांकनकाराने खुर्च्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

बाई गालिच्यावर ओले ठसे उमटवत टेबलाला वळसा घालून आली आणि मालकाशेजारच्या खुर्चीत बसली. तिने कागद पुढं ओढला.

“वीस लाख माझ्या निम्म्यातून वजा करा,” ती म्हणाली. “सही कुठं करायची?”

मालकाच्या हातातला फोन अजून वाजत होता.

“ताई,” तो म्हणाला, “अगं, बाबांची वायनरी आहे ही!”