लोखंड नको

बहिरूने गवत कापायचं मशीन बंगल्याच्या पायरीवर आडवं टाकलं आणि त्याचं डोकं उघडलं. आतल्या रिळावर गवत कापणाऱ्या तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोरीचा बोटभर तुकडाही उरला नव्हता. मेधाताईंनी पुण्याहून नवी गुंडाळी आणली होती, जाड, पिवळी, चौकोनी. सोबत तीन धारांचं लोखंडी पातंही आणलं होतं.

"दुकानदार म्हणाला, पातंच लावा. ही दोरी सारखी संपते," मेधाताई म्हणाल्या.

"पातं न्हाई लावायचं," जोत्यावर बसलेली धोंडाबाई म्हणाली. बहिरूची आई. म्हातारीने मेधाताईंना जमीन विकली होती, आवाज विकला नव्हता.

"अहो मावशी, पण का?"

"दगडाला लागून खणखणतंय. आमच्या म्हशी बुजत्यात."

म्हशी होत्या ओढ्याच्या पल्याड. मेधाताई हसल्या. "बरं बाई, तुमच्या म्हशींसाठी दोरी." पातं पिशवीत गेलं. "आणि बहिरू, बांधावरचं ते रामफळ वाळलंय बघ. मुळासकट काढून टाक. तिथेच चांगला दोन हात खड्डा घे, पाम लावायचाय."

रिळावर तंगूस गुंडाळणारा बहिरूचा हात थांबला. त्याने आईकडे पाहिलं.

"वाळलं न्हाई ते," धोंडाबाई म्हणाली. "धरंल."

"मावशी, सगळी पानं पिवळी पडलीत."

"पडूं द्यात. तुमच्या पुण्यात झाडं कुंडीत वाढत्यात ताई, तुमास्नी काय ठावं? धरंल म्हन्ते ना!"

"रविवारपर्यंत बघते मग," म्हणून मेधाताई आत गेल्या.

त्या रामफळाखाली जयाचं लेकरू होतं. जया म्हणजे बहिरूची बायको. दात यायच्या आधीच पोर गेलं. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, घरच्या बांधाला पुरतात. बांध तेव्हा घरचा होता. पुरताना जयाने त्याच्या कमरेचा काळा करदोडा कुणाला काढू दिला नाही, आणि वर आपल्या हाताने रामफळ लावलं. जमीन घेणाऱ्याला हे कोण सांगणार? आधी मांत्रिक आला असता, मागोमाग जेसीबी. म्हणून धोंडाबाईने एवढी एकच गोष्ट धरून ठेवली होती. मशीन फिरायचं तर फिरू दे, त्या जागी लोखंड फिरायला नको.

ती उठली आणि बांधाकडे चालू लागली. पावसाने उघडीप दिली होती. कोळवणचं सगळं खोरं भाताने हिरवंगार झालेलं, आणि मधे हे एकटं पिवळं. बुडाशी गवताची काडी नव्हती. तिथे रान माजू द्यायचं नाही, हा तिचाच हुकूम. दर खेपेला ती शेजारी उभी राहून तेवढी जागा साफ करून घ्यायची.

ती खाली बसली तेव्हा तिला दिसलं. जमिनीपासून वीतभर वर, खोडाच्या भोवती, साल गेलेली. गोल, सारखी, पुरी फेरी. आतलं लाकूड उघडं पडून कोरडं झालं होतं.

"बहिरू! ह्ये कुनी केलं?"

बहिरू आला, उकिडवा बसला. त्याने सोललेल्या कड्यावरून बोट फिरवलं आणि ते फिरवता फिरवताच त्याचा चेहरा उतरला.

"दोरीनं," तो म्हणाला.

"दोरीनं झाड मरतंय व्हय रं, येड्या?"

"दर खेपंला जरा जरा साल उडाली आसंल. सालीची फेरी पुरी गेली की झाड वाळतंय. ध्यानातच न्हाई आलं." तो खालीच बघत होता. "तूच म्हनायचीस, पार बुडाला चिटकून काप, लेकराच्या अंगावर गवात नगं. दोरीचं भ्याव न्हाई, म्हनून मी चिटकून कापायचो. पातं आसतं तर भ्यालो आसतो, आये. हातभर लांबच ऱ्हायलो आसतो."

धोंडाबाईच्या तोंडाशी शिवी आली होती. उभ्या गावाला पुरून उरणारी तिची जीभ, पण ही शिवी द्यायची कुणाला ते तिला कळेना. तिने ती गिळली. अंगठा त्या कड्यावर ठेवला. बाळाची कमर असती तर जिथे करदोडा बसला असता, बरोबर तेवढ्याच जागी तेवढाच वळ होता.

"जा, शेन आन. मातीत कालवून लिपू."

"आये, आता लिपून काय..."

"आन म्हन्ते ना! उभा काय ऱ्हायलास दगडावानी!"

बहिरू गेला. तेवढ्यात बंगल्याच्या मागून जया येताना दिसली, कमरेवर कळशी घेऊन. बंगल्याची झाडलोट उरकली की ती रोज रामफळाला पाणी घालायची. पाऊस असला तरी घालायची. मेधाताई म्हणायच्या, किती जीव लावते झाडांना.

धोंडाबाई वळली आणि खोडाला पाठ लावून बसली. लुगड्याचा पदर दोन्ही बाजूंनी मागे ओढून घेतला.

"आत्या, हितं का बसलाय?" जयाने वर पाहिलं. "पानं लईच पिवळी पडली की वो."

"जुनी पानं गळायचीच. नवी येत्यात."

"येतील नव्हं?"

धोंडाबाईने पाठ आणखी मागे रेटली. उघडं लाकूड तिला लुगड्यातून टोचत होतं.

"उठा की मग. पानी घालायचंय."

"हितनंच घाल."

"तुमी भिजाल, आत्या."

"भिजूं दे," धोंडाबाई म्हणाली. "माझ्या पाठीवरनं घाल."