फाटकातून

डोंगर विकत घेतल्यावर मालकाने भोवती तारेचं कुंपण घातलं, फाटकाशी कुत्रं ठेवलं आणि आदिवासी वस्तीतल्या वैदीणबाईला तिथली मुळं खणायची सक्त मनाई केली. गुरांची सगळी औषधं तिथेच उगवायची.

महिन्याभरात त्याचीच गाभण गाय पोट फुगून आडवी झाली. नाइलाजाने त्याने वैदीणबाईला बोलावलं. तिने कमरेच्या पिशवीतून मूळ काढलं, ठेचून गायीला पाजलं आणि तिचं पोट चोळत बसली. दिवस कलताना गाय उठली.

मालकाने उरलेलं मूळ हातात घेतलं. त्याला लागलेली माती अजून ओली होती.

"हे माझ्या डोंगरावरचं. आत कशी शिरलीस?"

"रोज शिरते तशीच," हात धूत ती म्हणाली. "उद्यापासून मात्र फाटकातून येईन. वस्तीतल्या सगळ्या बायका असतील बरोबर. कुत्रं तेवढं बांधून ठेवा."