हाडावर हाड

टेबल हललं नाही, तेव्हाच व्हर्नाला शंका आली.

ती त्यावर उताणी पडली होती. दोन्ही हात डोक्यामागच्या खोबणीत, डावी छाती उघडी. मशीनचा हात तिच्याभोवती एक फेरी मारून थांबला होता. दर आठवड्याला कॅन्सरवरचे किरण देण्याआधी असं एक चित्र निघायचं. ते पहिल्या दिवशीच्या चित्रावर ठेवून बघायचं, बरगडीवर बरगडी बसते का. माणूस तसूभर इकडेतिकडे असला तर बाहेर बसूनच टेबल सरकवायचं, आणि मग किरण. व्हर्नाला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. विनिपेगच्या याच इस्पितळात, याच जाड दाराच्या पलीकडे बसून तिने निवृत्त होईपर्यंत हेच काम केलं होतं.

चित्र तर निघालं. पण टेबल हललं नाही, आणि किरणही सुरू झाले नाहीत.

"मारिसोल, झोप लागली का गं?" तिने छताकडे बघत विचारलं.

"जरा थांबा हं, व्हर्ना," स्पीकरमधून आवाज आला. "हलू नका. अजून एकदा चित्र घेते."

"का? श्वास तर नीट धरला होता मी."

"तुमचं काही नाही हो. मशीनच आज रुसलंय."

मारिसोल व्हर्नाच्याच हाताखाली तयार झालेली. मनिलाहून आलेली, पहिल्या हिवाळ्यात काम करतानाही हातमोजे काढायला तयार नसलेली पोर. 'पेशंटशी खोटं बोलायची वेळ आलीच तर मशीनवर ढकल, मशीनला वाईट वाटत नाही,' हे तिला शिकवलं होतं व्हर्नानेच.

मशीन पुन्हा फिरलं. पुन्हा शांतता. दुसऱ्यांदा चित्र घेतात ते बहुतेक पेशंट हलला म्हणून. ती हलली नव्हती.

बऱ्याच वेळाने मारिसोलचा आवाज आला. "डॉक्टरांशी बोलले. तुमची जागा बरोबर आहे. आजचे किरण द्या म्हणाले."

"मग दे की."

श्वास भरून धरायचा, मशीनची घरघर ऐकायची, श्वास सोडायचा. असं दोन-तीनदा झालं. मग जाड दार उघडलं आणि मारिसोल आत आली. एरवी ती बडबड करत यायची, व्हर्नाच्या नवऱ्याने, ओरेस्टने, आज सूपमध्ये बीट किती घातलं ते विचारायची. आज तिने व्हर्नाचे हात खाली घेतले, गाऊन पांघरला आणि लहान मुलाच्या बांधाव्यात तशा त्याच्या नाड्या बांधल्या. वर काही बघितलं नाही.

व्हर्ना कपडे बदलायच्या खोलीकडे वळली नाही. ती सरळ दाराबाहेरच्या संगणकाच्या पडद्यांपाशी गेली.

"व्हर्ना, तिकडे नको." मारिसोल धावत मध्ये येऊन उभी राहिली. "मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"सांगू नकोस. नुसती बाजूला सरक."

मारिसोल क्षणभर तशीच उभी राहिली. मग सरकली, आणि भिंतीकडे तोंड करून उगाच टॉवेलांच्या घड्या घालू लागली.

पडद्यावर दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवलेली होती. व्हर्नाची नजर सवयीने जायची तिथेच आधी गेली. बरगड्या, छातीचं मधलं हाड, मणके. हाडावर हाड बसलेलं. कुठेही दुहेरी रेघ नाही.

"सुरेख जुळवलंयस," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

मग तिची नजर हाडं सोडून आत गेली. पहिल्या दिवशीच्या चित्रात फुफ्फुस काळंभोर होतं. आजच्या चित्रात त्यात साबुदाणा सांडावा तसे पांढरे ठिपके होते. एक वर, दोन खाली, आणि पलीकडच्या फुफ्फुसातही. पुढे तिने मोजले नाहीत.

"गेल्या आठवड्यात होते?"

मारिसोलने टॉवेल खाली ठेवला. "मला दिसले नाहीत. म्हणजे, मी बघितलंच नसेल. मी हाडं बघत होते, व्हर्ना."

"तीच बघायची असतात. मीही इतकी वर्षं तीच बघितली." हे तिच्या तोंडून निघून गेलं आणि मग ती किती तरी वेळ पडद्याकडे बघतच राहिली.

"डॉक्टर म्हणाले, गुरुवारी नीट तपासणी करू. साधा संसर्गही असू शकतो."

"हो. असू शकतो."

मारिसोलचा बांध फुटला. व्हर्नाने गाऊनच्या बाहीने तिचे डोळे पुसले. "तोंड धू जा. पुढचा पेशंट बाहेर बसलाय. तुझा असा चेहरा बघून त्याने काय समजायचं?"

कपडे करून ती बाहेर आली. तिथे भिंतीवरच्या पितळी घंटेपाशी गर्दी जमली होती. उपचार संपले की ज्याने-त्याने ती वाजवायची. लोकरीची टोपी घातलेली एक तरुण बाई दोरी धरून हसत होती. तिने घंटा ठणाणा वाजवली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. व्हर्नानेही पिटल्या. बाई पुढे होऊन अनोळखी माणसांना मिठ्या मारू लागली. तिने व्हर्नालाही मारली, किरणांनी भाजलेल्या बाजूवरच. व्हर्नाने तिच्या पाठीवर थोपटलं.

ओरेस्ट तिचा जाड कोट उघडून धरून उभा होता.

"शुक्रवारी आपली पाळी," तो म्हणाला. "सगळ्या नातवंडांना बोलावलंय मी. धाकटी आत्तापासून हटून बसलीय, आजीची घंटा मीच वाजवणार म्हणून. मी सांगितलं, असं नसतं बाई, ज्याची त्यानेच वाजवायची."

व्हर्नाने कोटाच्या बाहीत हात घातला. दुसरी बाही तिला सापडेना. ओरेस्टने ती धरून दिली.

"वाजवू दे," ती म्हणाली. "तिलाच वाजवू दे."