ठकी मालिका कुठे बघते

“तुमच्या मुलीने काल मधल्या सुट्टीत सासऱ्याला जिन्यावरून ढकललं,” बाई म्हणाल्या.

“कुणाच्या?” सलूनवाल्याने विचारलं.

“मालिकेतल्या. रात्री साडेआठचा भाग ठकी दुसऱ्या दिवशी डबा खाताना सगळ्या वर्गाला सांगते. पोरं घास हातात धरून बसतात. एकीने घरी दूध सोडलंय, कारण थोरल्या सुनेने दुधात विष घातलं. एक मुलगा आईला विचारतो, माझी खरी आई कोण. पालक मला धरतात, मी तुम्हाला धरते.”

“काहीतरी गैरसमज झालाय, बाई. आमच्या घरात टीव्हीच नाही.”

हे त्याने छाती पुढे काढून सांगितलं. बायको गेली त्याच महिन्यात त्याने टीव्ही भिंतीवरून उतरवला आणि दुकानात नेऊन टांगला. पोरांची डोकी बिघडवणारी वस्तू घरात नको. दुकानात गिऱ्हाइकं तरी तेवढी थांबतात. त्याचं स्वतःचं तिकडे लक्ष नसे. टीव्ही त्याच्या पाठीमागे, समोर आरसा, आणि वस्तरा हातात असला की नजर मानेवर. तो अभिमानाने म्हणायचा, “माझ्या दुकानात टीव्ही दिवसभर बोलतो, मी ऐकून घेत नाही.”

शाळेतली गोष्ट त्याच्या धाकट्या बहिणीच्या कानावर जायला वेळ लागला नाही. ती संध्याकाळीच दुकानात आली.

“दादा, आता हट्ट सोड. पोर कुणाच्या तरी घरी जाऊन बसते आणि तुला पत्ता नाही. रविवारी मी तिला घेऊन जाते. माझे दोघं आहेत, ही तिसरी.”

“मला शोधू तर दे कुठे बघते ते. एकदा कळलं की बंद करतो. माझी पोर माझ्याच घरी राहील.”

“आणि नाही कळलं तर?”

“तर घेऊन जा,” तो म्हणाला. न कळण्याचा प्रश्नच नव्हता. अर्ध्या गावाच्या भानगडी त्याच्या खुर्चीत बसून उकलायच्या. स्वतःच्या नऊ वर्षांच्या पोरीची काय मोठी गोष्ट.

दुकान बंद होईपर्यंत ठकी शेजारच्या शिंपीणकाकूंकडे असायची. तो सकाळी उठला तो थेट तिथे गेला.

“काकू, खरं सांगा. तुमच्याकडे मालिका लागते ना?”

“आधी घशाला काही घे. रोज सकाळी कावळ्यासारखा आवाज असतो तुझा.”

“पावडर उडते दुकानात. मालिकेचं सांगा.”

“आमच्याकडे बातम्या लागतात. आमचे हे रिमोट मांडीखाली घेऊन बसतात. मलाच मालिका दिसत नाही, तुझ्या पोरीला कुठून दिसणार? उलट तीच मला सांगते दुसऱ्या दिवशी. सांगते पण झकास हो.”

त्याचा विश्वास बसला नाही. गुरुवारी त्याने एका गिऱ्हाइकाला दाढीला साबण लावण्याआधीच दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवला, आठलाच शटर ओढलं आणि काकूंच्या खिडकीबाहेर उभा राहिला. आत ठकी भागाकार करत होती. काका बातम्यांना शिव्या देत होते. साडेआठ वाजले, नऊ वाजले. ठकीने मान वर केली ती फक्त पाणी प्यायला.

शुक्रवारी दुपारी त्याने बाईंना फोन लावला.

“आज काही सांगितलं का तिने?”

“नाही. पोरं मागे लागली होती. म्हणाली, कालचा भाग मला माहीत नाही.”

त्याने मांडीवर थाप मारली. पाळत ठेवली आणि बंद झालं. लगोलग बहिणीला कळवलं. “बघ, एका दिवसात रोग बरा.”

“म्हणजे बघत होती, एवढं तूच कबूल केलंस,” बहीण म्हणाली. “आणि तू रोज आठला दुकान बंद करणार आहेस का? मग खायचं काय?”

त्याने फोन ठेवून दिला. पूर्वी असं काही अडलं की घरी जाऊन बायकोला सांगायचं. हातपाय धुवायच्या आधीच दिवसभराचं सगळं सांगून व्हायचं, आणि सांगता सांगता वाट सापडायची. आता तो घरी आला की जेवायचा आणि आडवा व्हायचा. ठकी म्हणायची, बाबा काही बोलत नाहीत. तो म्हणायचा, बोलून बोलून दमतो गं दुकानात.

शनिवारी नेहमीसारखं नऊला दुकान बंद केलं. रविवारी बहीण रिकामी बॅग घेऊन हजर झाली. चहा झाला. बॅग उघडली. ठकीचे दोन फ्रॉक आत गेले तेव्हा सलूनवाला उठून दारात जाऊन उभा राहिला.

“शेवटचं विचारते,” बहीण ठकीला म्हणाली. “कुणी रागावणार नाही. कुठे बघतेस?”

“कुठेच नाही.”

“मग काल रात्री काय झालं मालिकेत?”

“धाकटी सून परत आली. थोरलीने दार उघडलं नाही.”

“ऐक, दादा. आणि म्हणे रोग बरा.” बहिणीने फ्रॉकची घडी दाबली. “कोण सांगतं तुला हे?”

ठकीने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

“बाबाच सांगतात. झोपेत. मला नाही, आईला. तिची मालिका अर्धीच राहिली होती ना.”

सलूनवाल्याने मागे वळून पाहिलं नाही.

“मग तू झोपून जावंस ना, बाळा,” बहीण म्हणाली. “ऐकत कशाला बसतेस?”

“मधे मधे हूं म्हणावं लागतं, आत्या,” ठकी म्हणाली. “नाही म्हटलं तर बाबा जागे होतात, आणि अंधारात हाताने तिला शोधतात.”