चाकावरचा करदोडा

लाकडी बैलाच्या शिंगांना बेगड चिकटवता चिकटवता सुरभी म्हणाली, "आई, मी आज तान्ह्या पोळ्यात चौकात माइकवर सांगीन, हे चाक माह्या बाबानं बांधलं म्हणून."

मोहिनी बैलाची झूल शिवत होती. सुई कापडातच थांबली.

"कधी बांधलं गं?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी लहान होती तवा. मारुतीच्या देवळापाशी चाक निसटलं. मी रडली. मंग बाबानं शर्ट वर केला, कंबरेचा करदोडा तोडला अन् असा गुंडाळला." सुरभीनं पुढच्या चाकाकडे बोट केलं. तिथं काळ्या दोऱ्याची गाठ होती, तेलानं आणि धुळीनं कडक झालेली. "निळ्या चौकड्यांचा शर्ट होता बाबाचा. आठवते मले."

सगळं खरं होतं. देऊळ, चाक, करदोडा, शर्टसुद्धा. माणूस तेवढा दुसरा होता.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, सुरभीचा बाबा आदेश दवाखान्यात होता आणि मोहिनी त्याच्या उशाशी. तिथून तो परत आलाच नाही. घरी एवढीशी सुरभी बाबाशिवाय उंबरा ओलांडेना, म्हणून सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, थोरल्या लेकाचा शर्ट धाकट्याच्या, धनंजयच्या अंगात घातला. तेव्हा कुठे पोरगी बैल घेऊन घरोघर बोजाऱ्याचे पैसे मागायला निघाली.

मोहिनी देवळीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. मागच्याच आठवड्यात तिनं अकरावीला सांगितलं होतं, आठवण म्हणजे गोदामातलं पोतं नव्हे, ठेवलं तसं बाहेर काढायला. दर वेळी आपण ती नव्यानं उभी करतो, हाताशी येईल त्या सामानानं. चुकीची आठवणही खरीसारखीच लख्ख दिसते. वर्गानं ते मुकाट उतरवून घेतलं होतं. आता तेच तिच्यासमोर मांडी घालून बेगड चिकटवत होतं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मनकर्णाबाई पुऱ्या तळत होत्या.

"आई, ऐकलं ना तुम्ही? तिला सांगायला पाहिजे. माइकवर बोलेल, अन् गावात कोणाला माहीत नाही? कोणी तरी तोंडावर सांगेल तिच्या."

"गावाले मी पाहून घेईन." मनकर्णाबाईंनी पुरी उलटली. "तुले सांगाचं असंन तं सांग. शिकलेली हायेस. पण हे काढून घेतलं तं तिच्यापाशी बापाचं दुसरं काय राह्यते, तेवढं मले सांग."

मोहिनीनं आठवून पाहिलं. सुरभी आदेशबद्दल दुसरं काही कधी बोललीच नव्हती. भिंतीवरचा फोटो तिच्यासाठी फोटोच होता.

"अन् मोठी झाल्यावर कळलं तर? आपल्यालाच खोटं म्हणेल."

"म्हणू दे. आपण का देव आहो?"

बाहेर फटफटी थांबली. धनंजय आत आला तो ओरडतच. "काऊन बाप्पा, झाला नाई का अजून तुहा नवरदेव तयार? तिकडे सारे पोट्टे गोळा झाले!"

"काका," सुरभीनं मान वर केली, "बाबानं चाक बांधलं तवा तू कोठी होता?"

मोहिनी दारातच उभी राहिली. आता तोच सांगेल, तिच्या मनात आलं. आपल्याला सांगावं लागणार नाही. आणि सांगायचा हक्कही त्याचाच. दोरा त्याचा होता. त्या दिवशी भर रस्त्यात पोरीचे डोळे त्यानं पुसले होते, आणि त्याबद्दल मोहिनीनं त्याला आजवर एका शब्दानं विचारलं नव्हतं.

धनंजयनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. मग तो बैलापाशी उकिडवा बसला. गाठीवरून त्यानं अंगठा फिरवला.

"मी ना," तो म्हणाला, "मी मांगं होतो. बैल आडवा पडू नाई म्हणून पाठीवर हात ठेवून उभा होतो."

सुरभीच्या कपाळाला क्षणभर आठी पडली. मग तिचा चेहरा उजळला.

"हो! आठवलं मले. तुह्या दुसऱ्या हातात माही चप्पल होती!"

चपलेचं कोणी काही बोललं नव्हतं.

मोहिनीनं झूल आणली आणि बैलाच्या पाठीवर घातली. उरलेला टाका तसाच राहू दिला. सुरभीनं दोरी ओढली. चाकं कुरकुरत अंगणात उतरली.

"सुरभी!" मोहिनीनं हाक मारली. पोरगी वळली. धनंजयही थांबला.

"हळू ओढजो," मोहिनी म्हणाली. "बाबानं बांधलेली गाठ हाय. सुटू नाई देजो."

पोरगी मान डोलावून निघाली. धनंजय तिच्या मागं गेला. बैल बुटका, त्यामुळे त्याला बराच वाकावं लागलं. पण फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यानं बैलाच्या पाठीवरचा हात काढला नाही.